मासा उलटायचा नाही

सुमतीआत्याकडे तिच्या स्वतःच्या काड्या होत्या. चिनी जेवणाच्या. गडद लाकडाच्या, टोकांना वापरून काळ्या पडलेल्या. कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसमध्ये आयुष्यभर पेन्सिली ठेवलेल्या पत्र्याच्या लांबट डबीत ती त्या ठेवायची आणि रविवारी दुपारी पर्समध्ये टाकून जेवायला निघायची. जेवायला तर त्या वापरायचीच, पण बोलतानाही वापरायची. एक काडी समोरच्या माणसाच्या छातीवर रोखली गेली की टेबलावरची बाकीची माणसं खाली मान घालून भात खायला लागायची. आपल्यावर रोखलेली नाही एवढंच समाधान.

मागच्या महिन्यात शैलाचा फोन आला. "आत्या गेली," ती म्हणाली. "झोपेत गेली. तुम्ही उगाच धावपळ करून येऊ नका. फार कुणी नव्हतंच." मग म्हणाली, "डबी सापडत नव्हती. उशीखाली होती."

त्यानंतर मी रोज थोडं थोडं लिहितो आहे. बरंच खोडतो. जिच्याबद्दल चांगलं लिहायला गेलं तर खोटं होतं, आणि खरं लिहायला गेलं तर लोक विचारतील की मग तुम्ही तिच्या घरी एवढी वर्षं राहिलात कशाला, अशा बाईबद्दल लिहिणं सोपं नाही.

मी राहिलो ते जयनगरमधल्या तिच्या घराच्या मागच्या खोलीत. नव्वद सालानंतर लगेच, एका संशोधन संस्थेच्या ग्रंथालयात नोकरी लागली म्हणून सांगलीहून बेंगळुरूला आलो तेव्हा. आमच्या लांबच्या नात्यातल्या कुणीतरी सुमती दिघ्यांचा पत्ता दिला होता. तिने मला दारातच उभं केलं, पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं आणि विचारलं, "मासे चालतात?"

मी म्हटलं, चालतात.

"माणसं?"

मी ट्रंक खाली ठेवली. "चालतील हळूहळू," ती म्हणाली आणि किल्ली दिली. त्या दिवसापासून मी 'पुस्तकवाले' झालो. माझं नाव तिने शेवटपर्यंत घेतलं नाही.

तिचे वडील विमानांच्या कारखान्यात फोरमन म्हणून इकडे आले आणि इथलेच झाले. ती इथेच जन्मली, इथेच शिकली, लग्न केलं नाही. शेजारच्या कन्नड बायका तिला दिघेअक्का म्हणायच्या आणि तिच्यासमोर जरा जपूनच हसायच्या. घरात आणखी फक्त शैला. शैला तिच्या भावाची मुलगी. भाऊ आणि वहिनी एका अपघातात गेले तेव्हा शैला नुकती शाळेत जायला लागली होती. आत्या एका रात्रीत गाडीने मुंबईला गेली आणि तिला घेऊन आली. त्याआधी मूल कसं न्हाऊ घालतात हेही तिला ठाऊक नव्हतं, असं ती स्वतः सांगायची. "साबण डोळ्यांत गेला की रडायची. मी म्हटलं, रड. मलाही सवय होईल, तुलाही."

मी आलो तेव्हा शैला जवळच्या शाळेत भूगोल शिकवत होती. शांत, उंच, सगळ्या कामांत नीटनेटकी. तिशीला आली होती. तिचं लग्न व्हायचं होतं, आणि त्या घरात सगळं ज्याच्याभोवती फिरत होतं ते एवढंच होतं.

आत्याच्या रविवारच्या जेवणाचं ते चिनी हॉटेल छावणीतल्या, म्हणजे कॅन्टोन्मेंटमधल्या, एका गल्लीत होतं. हिरव्या रंगाची दारं, काउंटरमागे देवाऱ्यासारखी लाल फळी, फळीवर संत्री. मालकांना आत्या लिऊअण्णा म्हणायची. त्यांचा जन्म बेंगळुरूचा, वडिलांनी आधी बूट शिवले आणि मग हे हॉटेल काढलं. लिऊअण्णा आमच्यापेक्षा कितीतरी चांगलं कन्नड बोलायचे. शहरात तोवर जिकडेतिकडे गोबी मंचुरियनच्या गाड्या लागल्या होत्या आणि लोकांना चिनी म्हणजे तेच वाटायचं. लिऊअण्णा अशा गिऱ्हाइकांना नूडल्स वगैरे करून द्यायचे, पण त्यांच्या घरचं जेवण वेगळं होतं. वाळवलेल्या मोहरीच्या पाल्यात शिजवलेलं डुकराचं मटण, खिमा भरलेला टोफू, मिठाच्या ढिगात भाजलेली कोंबडी. कोणी मेन्यूकार्डात बघून "हक्का द्या" म्हटलं की आत्या शेजारच्या टेबलावरूनसुद्धा बोलायची, "हक्का म्हणजे नूडल्स नव्हेत हो. माणसं आहेत. ते बघा, काउंटरवर बसलेत."

तिच्या वडिलांनी तिला लहानपणी तिथे नेलं होतं, तिने शैलाला नेलं. टेलिफोन डिरेक्टऱ्यांच्या थप्पीवर बसवून तिला काड्या धरायला शिकवलं. ते गोल टेबल, मधली फिरती काच, खिडकीकडे पाठ करून बसलेली आत्या. नवीन माणूस कोणीही असो, शैलाची मैत्रीण असो की कारखान्यातला वरिष्ठ, त्याला त्या टेबलावर बसावंच लागायचं. पहिल्या दिवशी माझ्या काडीतून टोफू निसटून चहात पडला. मी हळूच वेटरला काटा मागितला. आत्याने काउंटरकडे वळून मोठ्याने कन्नडमध्ये हाक दिली, "अण्णा, मगुगे चमचा कोडी!" बाळाला चमचा द्या. सगळं हॉटेल वळून बघायला लागलं. लिऊअण्णांनी चमचा आणला तो दोन्ही हातांनी, खाली बघत. ते वाक्य मी नंतर किती जणांच्या वाट्याला आलेलं ऐकलं! एका रिटायर्ड कर्नलच्यासुद्धा.

तिचं एक वाक्य ठरलेलं होतं. कोणी म्हणालं, अक्का, जरा जास्तच बोललात, की ती म्हणायची, "खरं मी सांगते. चवीचं लिऊअण्णा बघतील."

तिच्या निवृत्तीचं जेवणही तिथेच झालं. ऑफिसवाल्यांनी चांगला मोठा हॉल असलेलं हॉटेल सुचवलं होतं, तिने ऐकलं नाही. मीही होतो. विभागप्रमुखांनी उभं राहून भाषण केलं. शिस्त, निष्ठा, मातृवत् प्रेम, अशी रिकामी झालेली जागा कधीच भरून येणार नाही, वगैरे. टाळ्या झाल्या. आत्याने काडीने ताटलीच्या कडेला टकटक केलं आणि कन्नडमध्ये म्हणाली, "सर, फार छान. हेच भाषण तुम्ही आपल्या मूर्तींच्या शोकसभेत केलं होतं. फरक एवढाच, तेव्हा शेवटी आम्ही दोन मिनिटं उभे राहिलो होतो."

कोणीतरी हसलं आणि लगेच खोकलं. प्रमुखांचे कान लाल झाले. आत्याने शांतपणे कोंबडीची तंगडी त्यांच्या ताटलीत ठेवली. "घ्या. स्वल्प मीठ जास्त आहे, पण तुम्हाला घाम सुटलाय, भरून निघेल." त्यातही मला हसू आलं, हे मला लिहायलाच हवं. तिच्यासोबत राहायचं तर ज्याच्यावर काडी रोखलेली नाही त्या बाजूला बसायचं आणि हसायचं. आम्ही सगळे तेच करायचो.

शैलाला बघायला येणारी मुलंही त्याच टेबलावर यायची. घरी पोह्यांचा कार्यक्रम आत्याला मान्य नव्हता. "घरी माणूस पाहुणा असतो. भुकेला बसला की कळतो," ती म्हणायची. नागपूरचा एक इंजिनिअर गोबी मंचुरियन मागून बसला. परत बोलावणं गेलं नाही. दुसऱ्या एकाने 'बाळाला चमचा' ऐकल्यावर रुमालाने तोंड पुसलं आणि वडिलांना म्हणाला, चला. त्या दिवशी परतताना रिक्षात शैला म्हणाली, "आत्या, तो बरा होता."

"बरा असता तर बसला असता," आत्या म्हणाली.

एकदा तर माझ्यासमोरच म्हणाली, "शैले, तुझ्यासाठी घरबसल्या स्थळ होतं गं. पण हे पुस्तकवाले विचारणार नाहीत. ह्यांना पुस्तकंच येऊन विचारतात, आम्हाला घरी न्या म्हणून." शैला ताटं उचलत होती. तिने ताटं उचलली. मी माझ्या खोलीत गेलो. त्यावर एवढंच.

मग श्रीकांत आला. पुण्याचा, एका नव्या सॉफ्टवेअर कंपनीत. शैलाची आणि त्याची ओळख महाराष्ट्र मंडळाच्या कुठल्याशा कार्यक्रमात झाली होती, म्हणजे त्याला आत्याने शोधलेलं नव्हतं. दोघांनी आधीच ठरवलं होतं. शैला पहिल्यांदाच काहीतरी ठरवून घरी आली होती. मागच्या अंगणात माझ्या खोलीच्या पायरीवर बसून तिने त्याला दोन पेन्सिलींनी शेंगदाणे उचलायला शिकवलं. तो शेंगदाणा पाडायचा आणि ती हसायची. ती तशी हसते हे मला तोवर माहीत नव्हतं.

त्याची आई पुण्याहून आली. सरळ, घाबरट, उपासतापास करणारी बाई, पण सोमवार-गुरुवार सोडून मासे खाणारी. मोठा मुलगा मालवाहू बोटीवर अधिकारी. त्याची आठवण निघाली की त्या गळ्यातल्या पदकाला हात लावायच्या. आदल्या दिवशी घरी चहा झाला तेव्हा आत्याने त्यांना खूप मायेने विचारलं होतं. आता कुठे आहे? केव्हा यायचा? फोन येतो का? मला तेव्हा वाटलं, चला, बाई मऊ झाली.

रविवारी आम्ही पाच जण टेबलाशी बसलो. श्रीकांतने काड्या व्यवस्थित धरल्या. टोफू उचलला, आत्याच्या वाटीत ठेवला. आत्या म्हणाली, "वा! जावईबापू तयार होऊन आलेत." शैलाचा चेहरा उजळला. मिठातली कोंबडी झाली. मग लिऊअण्णांनी स्वतः मासा आणला. अख्खा, वाफवलेला, वर आलं आणि कांद्याची पात, गरम तेल ओतलेलं. माशाचं डोकं ते मानाच्या माणसाकडे करून ठेवतात. त्यांनी ते श्रीकांतच्या आईकडे करून ठेवलं आणि लवून नमस्कार केला. त्या बिचाऱ्या केवढ्या खूश झाल्या.

आता इथे एक गोष्ट सांगायला हवी. लिऊअण्णांच्या आईकडचे लोक नदीवर होड्या चालवणारे होते. त्यांच्यात ताटातला मासा उलटत नाहीत. वरची बाजू खाऊन झाली की मधला काटा उचलून बाजूला ठेवतात आणि खालची बाजू तशीच खातात. मासा उलटला की होडी उलटते. आत्याला हे तिच्या लहानपणापासून माहीत होतं. शैला डिरेक्टऱ्यांवर बसायची तेव्हा एकदा तिने मासा उलटायला हात घातला, तर आत्याने तिच्या मनगटावर काडी मारली होती. ती हकिकत दोघींनीही मला वेगवेगळी सांगितलेली होती.

वरची बाजू संपली. आत्याने काच फिरवून मासा श्रीकांतसमोर आणला आणि म्हणाली, "श्रीकांत, जरा पलटता का हो तो? माझा हात पोचत नाही."

शैलाने मान वर केली. "श्री, थांब—"

पण तो आज्ञाधारक मुलगा होता. त्याने दोन काड्या खाली घातल्या आणि इतक्या दिवसांच्या सरावाने, न मोडता, अख्खा मासा उलटला. चांगलं जमल्याच्या आनंदात त्याने आईकडे पाहिलं.

"बेडा! बेडा!" लिऊअण्णा काउंटरवरून धावत आले. नको, नको. टेबलापाशी येऊन थांबले आणि त्यांचा हात तसाच हवेत राहिला.

"काय झालं?" श्रीकांतच्या आईने विचारलं. त्यांना कन्नड येत नव्हतं.

लिऊअण्णा आत्याशी कन्नडमध्ये बोलले. आत्या ऐकत राहिली, मान हलवत राहिली. मग श्रीकांतच्या आईकडे वळून स्वच्छ, सावकाश मराठीत म्हणाली, "काही नाही विहीणबाई. ते म्हणताहेत, मासा उलटला की घरातल्या माणसाची बोट उलटते. ज्याने उलटला त्याच्या घरातल्या." मग जरा आठवल्यासारखं करून, "तुमचा थोरला बोटीवरच असतो, नाही?"

त्यांचा हात पदकाकडे गेला.

लिऊअण्णा अजून बोलत होते. तोवर मला पुरेसं कन्नड येत होतं. ते म्हणत होते, काही हरकत नाही, ही आमच्या म्हाताऱ्यांची जुनी समजूत, त्यांना सांगा मनात आणू नका, मी दुसरा मासा करून आणतो. शैलालाही ते कळत होतं. ती आत्याकडे वळली.

"आत्या, त्यांचं पुढचं पण सांग."

"पुढचं काय, पुढचं देवाच्या हातात," आत्या म्हणाली आणि शैलाच्या ताटलीत टोफू ठेवला.

शैलाने मग स्वतःच सांगितलं, की ते म्हणताहेत मनाला लावून घेऊ नका. पण आता ते सांत्वनासारखं वाटलं. जणू बोट बुडालीच आहे. श्रीकांतच्या आई पुढे जेवल्या नाहीत. हात धुवायला म्हणून उठल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत.

आठवड्याभराने पुण्याहून फोन आला. थोरला मुलगा समुद्रावरून सुखरूप परत आल्याशिवाय त्यांना काही ठरवायचं नव्हतं. मग परत आल्यावर बघू. मग पत्रिकाही पुन्हा दाखवायला हव्यात. श्रीकांत दोनदा घरी आला, अंगणात उभा राहून शैलाशी बोलला, आईला कसं समजावू कळत नाही म्हणाला. तिसऱ्यांदा आला नाही. थोरला पावसाळा संपता संपता सुखरूप घरी आला, येताना आईला मोत्यांचा सर घेऊन. पण तोवर श्रीकांतचं दुसरीकडे ठरलं होतं.

फोन आला त्या संध्याकाळी शैलाने नेहमीसारखे तांदूळ धुतले. आत्या पेपर वाचत होती. चष्म्यावरून बघत म्हणाली, "ज्याच्या आईला मासा घाबरवतो, तो तुला काय सांभाळणार? खरं मी सांगते."

शैलाने तांदळाचं पाणी फार वेळा बदललं.

मी आत्याला कधी विचारलं नाही, तिने ते का केलं. विचारायची गरज नव्हती. श्रीकांतला अमेरिकेला पाठवायचं कंपनीत चाललं होतं आणि शैलाने ते उत्साहाने सांगितलं होतं. त्या दिवसांत आत्या पहाटे उठून शैलाच्या खोलीच्या दारात नुसती उभी राहायची. मी अंगणातून तिची सावली बघितली होती. मला त्या सावलीची दया आली होती, आणि आता तर दया येण्याचाच राग येतो.

पुढे दोनेक वर्षांनी आत्याला झटका आला. उजवी बाजू गेली. जीभ सुरुवातीला गेली, मग परत आली, वाकडी होऊन, पण आली. हात परत आला नाही. शेजारणी हळू आवाजात म्हणायच्या, देवाने काय ठेवलं बघा. शैलाने शाळा अर्ध्या दिवसाची करून घेतली. ती आत्याला न्हाऊ घालायची, वेणी घालायची, औषधं द्यायची. कुठे चूक नाही, कुठे आवाज नाही. न्हाणीघरातून एकदा आत्याचा आवाज ऐकू आला, "साबण... डोळ्यांत." आणि शैलाचा, "रड. सवय होईल."

माझी पुण्याला बदली झाली. मी निघायच्या आधीच्या रविवारी आत्याने हट्ट धरला, लिऊअण्णांकडे जायचं. पुस्तकवाल्यांना जेवण द्यायचं. आम्ही तिला टॅक्सीने नेलं. दोन पायऱ्या मी आणि वेटरने खुर्चीसकट उचललं. लिऊअण्णाही थकले होते. त्यांनी आत्याचा निकामी हात दोन्ही हातांत घेतला, "ऊटा माडी अक्का, निधान," म्हणाले. जेवा, सावकाश.

आत्याने डाव्या हाताने पर्समधली डबी काढली, उघडली, काड्या टेबलावर ठेवल्या. एक उचलली. दुसरी बोटांतून घरंगळली. पुन्हा उचलली. पुन्हा घरंगळली आणि काचेवरून फिरत माझ्यापर्यंत आली. मी ती परत द्यायला हात पुढे केला, तेवढ्यात शैला काउंटरकडे वळली आणि मोठ्याने, स्पष्ट म्हणाली,

"अण्णा, मगुगे चमचा कोडी."

हॉटेलातली माणसं वळून बघायला लागली. लिऊअण्णांनी चमचा आणला, दोन्ही हातांनी, खाली बघत.

आत्या शैलाकडे बघत होती. मी तिच्या चेहऱ्यावर राग शोधत होतो. मला दिसलं ते वेगळंच, एखाद्या जुन्या विद्यार्थ्याने बरोबर उत्तर दिल्यावर शिक्षकाच्या चेहऱ्यावर दिसतं तसलं काहीतरी.

मासा आला. लिऊअण्णांनी डोकं आत्याकडे करून ठेवलं. शैलाने वरची बाजू सावकाश सोडवली, मला वाढली, आत्याला भरवली, स्वतः खाल्ली. लिऊअण्णा जवळच उभे होते. वरची बाजू संपल्यावर तिने काच फिरवून मासा आपल्यासमोर घेतला. आत्याच्या काड्या उचलल्या. आत्याच्या डोळ्यांत बघत त्या माशाखाली सारल्या आणि मासा उलटला.

लिऊअण्णांचा हात वर आला आणि तिथेच थांबला. ह्या वेळी ते काही बोलले नाहीत.

आत्या बराच वेळ ताटाकडे बघत राहिली. तोंडाच्या वाकड्या कोपऱ्यातून थोडी लाळ आली, ती शैलाने रुमालाने टिपली.

"आता..." आत्या म्हणाली. शब्द जुळवायला तिला वेळ लागत होता. "आता बोटीवर कोण आहे गं?"

"आपण दोघीच," शैला म्हणाली.

तिने चमच्यात घास घेतला. आत्याने तोंड उघडलं. घास पुढे करण्याआधी शैलाने तो बोटांनी दाबून काटा नाही ना, ते पाहिलं.